सिद्ध कोणी करायचं?

ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यातलं १३६ वं कलम वाचलं आणि डोक्यात थेट आपल्या गावकीच्या बैठका आल्या. भेदभाव झाला असावा असं मानायला जागा आहे, एवढ्या गोष्टी तक्रारदाराने पुढे ठेवल्या की पुढचं काम समोरच्याचं. आपण भेदभाव केला नाही हे त्याने पटवून द्यायचं, नाही जमलं तर निकाल त्याच्या विरोधात. मुलाखतीला आलेल्या उमेदवारांचे गुण आणि शेरे इथे ब्रिटनमधल्या कंपन्या जपून ठेवतात, ते याच धास्तीने.

आता रायगड-रत्नागिरीत वाळीत कसं टाकतात ते बघा. बैठक देवळाच्या सभामंडपात. इतिवृत्त नाही, सह्या नाहीत. 'वाळीत टाका' असं कोणी तोंडाने म्हणतही नाही; 'त्या घराशी जो बोलेल त्याला अमुक दंड' एवढंच ठरतं. खरी मेख त्या दंडात आहे. शेजाऱ्याचं काही वैर नसतं, पण दंड भरायची ऐपतही नसते, म्हणून तो मान खाली घालून पुढे जातो. मग वर्गणी घेत नाहीत, शिमग्याला पालखी अंगणात येत नाही, दुकानदार माल संपला म्हणतो. लावणीला माणसं मिळत नाहीत, कोळीवाड्यात होडी वर ओढायला कोणी हात लावत नाही, मयताला खांदेकरी मिळत नाहीत. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर गुन्हा वाटतच नाही, आणि नेमकं त्यावरच हे टिकून आहे.

मुंबई मंडळाचा, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचा, वाटाही मोठा. वर्गणीचा पैसा तिथून येतो, त्यामुळे गावात ठरलेलं चाळीतही पाळलं जातं. परदेशात बसून बोलणं सोपं असतं, असं कोणी म्हणेल. पण मंडळही गावापासून लांबच असतं आणि तरी त्याचा शब्द चालतो. मग आम्ही बोललो तर काय बिघडलं?

तरी इंग्रजांनी आपल्याला धडे द्यावेत असंही नाही. वंशभेदाविरुद्धचा त्यांचा पहिला कायदा १९६५ चा. आपल्या महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं करायचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तो कागदावर राहिला म्हणून १९२७ चा सत्याग्रह झाला. जातीचा स्पष्ट उल्लेख कायद्यात घालायला ब्रिटिश सरकारने २०१८ मध्ये नकार दिला. आणि १३६ सारखं गृहीतक आपल्या १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यातही आहे, १२ व्या कलमात.

पण ते अनुसूचित जातींपुरतं. जातभाईंनीच आणि भावकीनेच वाळीत टाकलं, तर लागतो महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, जो जुलै २०१७ पासून अमलात आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र. फौजदारी असल्यामुळे सिद्ध करायचं ओझं मात्र फिर्यादी पक्षावरच.

म्हणून कागद आपणच तयार करायचा. वर्गणी घेत नसतील तर मनीऑर्डरने पाठवा. परत आली तर पोस्टाचा शेरा हाती राहतो. व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं तर लगेच स्क्रीनशॉट घ्या. दुकानात नकार मिळाला की तारीख, वेळ आणि तिथे कोण उभं होतं हे त्याच दिवशी वहीत लिहा. महिन्याने आठवून लिहिलेलं उलटतपासणीत टिकत नाही. दंड भरलेला एखादा शेजारी बोलायला तयार झाला, तर त्याचा जबाब सगळ्यात मोलाचा. पोलीस टाळाटाळ करत असतील तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते.

कायद्यात तडजोडीची वाटही आहे. तिला पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागते. गणपती जवळ आले की 'मिटवून टाका' म्हणणारे दारात येतात. सही करण्याआधी दंडाचा ठराव मागे घेतल्याचं आणि वसूल केलेले पैसे परत केल्याचं पंचांच्या सह्यांनिशी लेखी घ्या, आणि तो कागद न्यायालयात दाखल झाल्याशिवाय संमती देऊ नका.