टॅलक्वा, स्टिलवेल आणि सव्वीस किलोमीटरची पाइपलाइन

मस्कोगी मागे टाकून हायवे ६२ ला लागलं की आजूबाजूच्या गाड्यांच्या नंबरप्लेट वेगळ्या दिसायला लागतात. त्या ओक्लाहोमा राज्याच्या नसतात, 'चेरोकी नेशन'च्या, म्हणजे चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ आदिवासी जमातीच्या असतात. स्वतःची नंबरप्लेट, स्वतःची कोर्टं, स्वतःचे पोलीस आणि साडेचार लाखांहून जास्त नागरिक असलेलं हे राष्ट्र डॅलसहून पाचेक तासांवर आहे. आपली मंडळी मात्र हायवे ७५ वरच्या ड्युरंटच्या कॅसिनोपुढे सहसा जात नाहीत.

टॅलक्वा ही १८३९ पासून चेरोकींची राजधानी. गाव छोटंसं, कॉलेजचं. चौकातल्या पाट्यांवर इंग्रजीच्या जोडीला चेरोकी लिपी. ही लिपी सिक्वोया नावाच्या माणसाने १८२१ च्या सुमारास एकट्याने तयार केली, आणि आपल्या बाराखडीसारखीच ती अक्षराक्षराने चालते. गावाच्या मधोमध लाल विटांची जुनी कॅपिटॉल इमारत आहे. १८६९ ची. आता तिथे संग्रहालय आहे. 'ट्रेल ऑफ टिअर्स'ची दालनं मी भराभर पाहिली, कारण तो इतिहास वाचलेला होता: १८३८-३९ मध्ये जॉर्जिया-टेनेसीच्या बाजूने बंदुकीच्या धाकाने हाकलून आणलेले सोळा हजारांच्या आसपास लोक आणि वाटेत गेलेले अंदाजे चार हजार.

मला जास्त अस्वस्थ केलं ते त्यानंतरच्या काळाने. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं. चेरोकींच्या सामायिक जमिनीचे तुकडे करून माणसामाणसाला वाटून टाकण्याचं काम त्याआधीच सुरू झालं होतं, त्यांचं सरकारही मोडीत काढलेलं. पुढची साठेक वर्षं चेरोकींचा चीफ, म्हणजे जमातीचा प्रमुख, वॉशिंग्टनहून नेमला जायचा. काही चीफ तर एका दिवसापुरते! कुठल्याशा कागदावर सही हवी असायची, ती झाली की चीफगिरी संपली. लोकांनी मतं देऊन पुन्हा चीफ निवडला तो थेट १९७१ साली.

विल्मा मॅनकिलर यांचा पंचवीस सेंटचा २०२२ चा क्वार्टर माझ्या खिशात होता. सरकारी टांकसाळीने त्या वर्षी काढलेल्या पाच स्त्रियांच्या नाण्यांपैकी हे एक. शाल पांघरलेल्या विल्मा, शेजारी सात टोकांचा तारा, आणि 'चेरोकी नेशन' हे शब्द चेरोकी लिपीत. अमेरिकेच्या चलनावर! अर्थात माहितीफलकांवर आणि चरित्रांच्या पहिल्या वाक्यात त्यांची ओळख एकच, 'पहिली स्त्री चीफ'. ती खरी आहे, पण मला ती अपुरी वाटते. म्हणून टॅलक्वा आटोपून मी हायवे ५१ ने स्टिलवेलकडे निघालो.

हा अडेअर काउंटीचा रस्ता ओझार्कच्या टेकड्यांतून वळणं घेत जातो. दोन्ही बाजूंना ओक आणि हिकरी, मधूनच एखादा ओढा. रस्त्याकडेला जिथे जिथे जमीन कापली आहे तिथे मातीपेक्षा दगड जास्त. एका वळणावर उतरून बुटाच्या टाचेने खरवडून पाहिलं, तर दोन बोटं मातीखाली धारदार कडांची खडीच खडी. हे मुद्दाम सांगतोय, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

या भागातल्या मॅनकिलर फ्लॅट्सवर, आजोबांच्या वाट्याला आलेल्या १६० एकरांवर, विल्मा लहानाच्या मोठ्या झाल्या. जन्म १९४५ चा, टॅलक्वाच्या इंडियन (म्हणजे इथल्या मूळ आदिवासींच्या) हॉस्पिटलमधला. अकरा भावंडांतल्या त्या सहाव्या. वडील चार्ली चेरोकी, आई डच-आयरिश वंशाची. घरात वीज नाही, नळ नाही. पाणी झऱ्यावरून भरून आणायचं. शेतात स्ट्रॉबेरी लावायची, आणि तेवढ्यावर भागत नाही म्हणून वडील आणि थोरला भाऊ हंगामात कोलोराडोला कापणीला जायचे. ज्वारीच्या जातीचं एक पीक, ज्याच्या कणसांचे झाडू करतात, त्याच्या कापणीला.

१९५६ मध्ये सरकारची 'रिलोकेशन' योजना या घरापर्यंत पोचली. इंडियनांना शहरात हलवायचं, नोकरी द्यायची, म्हणजे आदिवासींचा 'प्रश्न'च मिटेल, असा हिशोब. दहा-अकरा वर्षांची विल्मा सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन भागातल्या हॉटेलात जाऊन पडली. रात्री सायरन ऐकून भावंडांना वाटलं, कुठलं तरी जनावर ओरडतंय. त्यांच्या लेखी शहरातल्या सायरनची दुसरी ओळखच नव्हती.

सरकारचा हिशोब चुकला तो तिथेच. १९६९ च्या नोव्हेंबरात इंडियन तरुणांनी सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या अल्काट्राझ बेटाचा ताबा घेतला आणि एकोणीस महिने सोडला नाही. विल्मांची भावंडं बेटावर होती. त्या स्वतः, लग्न झालेल्या, दोन मुलींची आई, किनाऱ्यावरून पैसे आणि मदत उभी करत होत्या. चळवळ कशी चालवायची हे त्या त्याच शहरात शिकल्या. संसार मोडल्यावर मुलींना घेऊन ओक्लाहोमाला परतल्या, आणि १९७७ मध्ये चेरोकी नेशनमध्ये साध्या नोकरीला लागल्या.

१९७९ मध्ये समोरासमोर मोटारींची टक्कर झाली. दुसऱ्या गाडीतली बाई त्यांची जवळची मैत्रीण होती आणि ती त्यात गेली. विल्मांवर सतरा शस्त्रक्रिया झाल्या, वर मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायूंचा आजार निघाला. पुढे १९९० मध्ये भावाची किडनी घ्यावी लागली. तब्येतीचं हे सगळं बाजूला ठेवून त्यांचं काम वाचता येत नाही, तरीही मी ते एका परिच्छेदातच आवरतोय, कारण त्या स्वतःही त्याचं फारसं भांडवल करत नसत.

आता बेल. स्टिलवेलजवळची ही वस्ती. घरं विखुरलेली, माणसं बहुतेक चेरोकी बोलणारी. आठवडी बाजार, चावडी असं काही शोधायला जाल तर सापडणार नाही. फाटा आणि मग झाडांत अंतराअंतराने घरं. १९८१ च्या सुमारास इथल्या कित्येक घरांत नळ नव्हता. आजूबाजूचे म्हणायचे, बेलची माणसं स्वतःच्या घरासाठीही काम करायची नाहीत. विल्मा आणि त्यांचे सहकारी चार्ली सोप (वडील चार्ली वेगळे) बैठका घ्यायला लागले. चार्ली अस्खलित चेरोकी बोलणारे, विल्मांना ती तितकी येत नव्हती. अट एकच: पैसा आणि इंजिनिअर आम्ही मिळवू, खोदकाम आणि पाइप टाकणं तुम्ही करायचं. चेरोकींमध्ये याला जुना शब्द आहे, गाडुगी. आपल्याकडे श्रमदान म्हणतात तेच. कुटुंबागणिक लाइनचे हिस्से वाटून दिले. त्या खडीत, जिथे माझा बूट दोन बोटं जाईना, तिथे बाया-बाप्ये, म्हातारी माणसं चर खणत होती. सोळा मैल. सव्वीस किलोमीटर. पाणी आलं.

विल्मांचं राजकारण या चरातून वर आलं असं माझं मत आहे. १९८३ मध्ये चीफ रॉस स्विमर यांनी, म्हणजे पेशाने वकील-बँकर आणि पक्षाने रिपब्लिकन माणसाने, या डेमोक्रॅट बाईला डेप्युटी चीफसाठी सोबत घेतलं. प्रचारात गाडीचे टायर फाडले गेले, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. बाई चीफ झाली तर जमातीचं हसं होईल, असं लोक तोंडावर म्हणत. आणि हे कुठे? जिथे कूळ आईकडून चालायचं त्या समाजात! बाईला दुय्यम मानणं गोऱ्यांकडून उचललेलं आहे, हे विल्मा पुन्हा पुन्हा सांगत.

डिसेंबर १९८५ मध्ये स्विमर वॉशिंग्टनला गेले आणि खुर्ची विल्मांकडे आली. चेरोकींच्या निवडून आलेल्या कौन्सिलच्या सभेत एक सदस्य मध्येमध्ये माइक चालू करून बोलत राहायचा. पुढच्या सभेपर्यंत सगळ्या माइकची बटणं त्यांनी आपल्या टेबलावर घेतली. हा किस्सा त्या भाषणांत रंगवून सांगत. १९८७ ला निवडून आल्या, १९९१ ला तर ८२ टक्क्यांहून जास्त मतं. दहा वर्षांत नोंदलेले नागरिक ६८ हजारांवरून १ लाख ७० हजारांपर्यंत गेले, दवाखाने आणि मुलांचे कार्यक्रम वाढले. १९९८ मध्ये प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम. २०१० च्या एप्रिलमध्ये कर्करोगाने गेल्या.

पण नोंदणीच्या त्या आकड्यात एक खोच आहे. श्रीमंत चेरोकींकडे काळे गुलाम होते. त्या गुलामांना आणि त्यांच्या वंशजांना १८६६ च्या कराराने चेरोकी नागरिकत्व मिळालं होतं. ते नागरिकत्व, अंगात चेरोकी रक्त असल्याच्या दाखल्याची अट घालून, डावलण्याची सुरुवात विल्मांच्या आधी झाली, पण ती अट पक्की करणाऱ्या कायद्यावर १९९२ मध्ये सही त्यांची आहे. स्वतः हाकलल्या गेलेल्या बाईकडून हे व्हावं, याचं समर्थन मला जमत नाही. घटनेतले 'रक्ताने' हे शब्द चेरोकी सुप्रीम कोर्टाने काढले ते २०२१ मध्ये.

स्टिलवेलमध्ये त्यांच्या नावाचं आरोग्य केंद्र आहे. मे महिन्यात गेलात तर स्ट्रॉबेरी नक्की घ्या, गावाचा उत्सवच असतो. टॅलक्वात शिरता-निघता चेरोकी नेशनची इस्पितळं दिसतील, आणि २०२० मध्ये सुरू झालेलं मेडिकल कॉलेजही. पाण्याचं काम मात्र अजून चालूच आहे. डोंगरातल्या उरलेल्या घरांसाठी कौन्सिलने २०२१ मध्ये कायदा करून दरवर्षी किमान वीस लाख डॉलर बाजूला ठेवायचं ठरवलं. कायद्याला नाव दिलंय विल्मा मॅनकिलर आणि चार्ली सोप यांचं.