पाय पुरतो काय?

बुटक्या बाईनं बुलेट घेतली की अख्खं कोल्हापूर एकच विचारतंय, पाय पुरतो काय. माझी उंची ५ फूट १ इंच, गाडी रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० (इकडं सगळ्यांनाच बुलेट म्हणतात), आणि त्याआधी कॉलेजपासून ॲक्टिव्हा. नाही पुरत. म्हणजे दोन्ही पुरत नाहीत, एकाचा चवडा टेकतो आणि तेवढ्यावर मी राजारामपुरीतनं शिरोली एमआयडीसीला कामाला जाऊन येते. गाडी पळत असताना पाय जमिनीला हवाय कशाला, तो लागणार थांबल्यावर, म्हणून पोरी विचारायला येतात तेव्हा मी चालवण्यापेक्षा थांबण्याबद्दलच जास्त बोलत बसते.

वजनाचं आधी. ॲक्टिव्हा १०५ किलोच्या आसपास, क्लासिक १९५, सीटची उंची ८०५ मिलिमीटर. शोरूममध्ये बुटकं गिऱ्हाईक दिसलं की त्याच कंपनीच्या मीटिओरकडं नेतात, कारण तिची सीट ७६५, जवळपास ॲक्टिव्हाएवढीच. पण वजन १९१, फूटरेस्ट पुढं, आणि यू टर्नला हँडल पूर्ण वळवलं की बाहेरची मूठ माझ्या हातातनं लांब पळते. त्यांचीच हंटर, सीट ७९० आणि वजन १८१ किलो, डोक्याला तीच पटत होती, पण मन क्लासिकवर बसलेलं त्याला काय करणार. आणि नुसता सीटचा आकडा बघू नका, सीट पुढं रुंद असली की मांड्या फाकतात आणि पायाची लांबी तिथंच वाया जाते. रोजचे बूट घालून बसून बघा. हां, आणि स्कूटीचं लायसन्स विदाऊट गियरचं असलं तर त्यावर बुलेट चालत नाही, आरटीओत विथ गियर वाढवून घ्या.

आता थांबणं. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, म्हणजे टेकणार डावा, आणि नेमकी डावीकडंच जमीन खाली गेलेली, दोन बोटांचा फरक पण आम्हाला तो पुरतो. म्हणून सिग्नलला कडेला चिकटून थांबायचं नाही, जरा आत सपाट जागा बघायची, खडी नाही ना, खड्डा नाही ना, हे पोचायच्या आधीच बघून ठेवायचं. दुसरं म्हणजे थांबताना हँडल सरळ पाहिजे. हळू स्पीडला हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी, मग उंची सहा फूट असली तरी. वळताना हाफ क्लच आणि मागचा ब्रेक, बास. तपोवन मैदानावर सकाळी लवकर जावा, गर्दी व्हायच्या आत, आणि नुसती आठची गिरकी मारत रहा, कंटाळा येईपर्यंत.

जोतिबाच्या चढाला तर दोन पायांचा प्रश्नच मिटतो. चढाला थांबलात की उजवा पाय ब्रेकवरनं काढताच येत नाही, म्हणजे उंच माणूसपण तिथं माझ्यासारखाच एका पायावर. हे कळलं तेव्हा मला लई बरं वाटलं!

गाडी खाली करून घ्या म्हणणारे दहा भेटतात. उद्यमनगरात काय पण करून मिळतं हो, पण गाडी खाली केली की स्पीडब्रेकरला पोट घासतं आणि सिंगल स्टँड लांब पडतं, गाडी उभीच राहते आणि जरा धक्का लागला तर उजवीकडं कलंडते, मग स्टँडपण कापा. त्यापेक्षा मागच्या शॉकअपचं सेटिंग सगळ्यात मऊवर आणा, ते फुकट आहे, आणि सीटची पुढची कड दोन्ही बाजूंनी निमुळती करून घ्या. वरचा फोम कापू नका, गगनबावड्याला जाऊन येईपर्यंत कंबर शिव्या देते.

डबल स्टँड ताकदीचं काम नाही, दांडीवर पाय ठेवून सगळं अंग टाकायचं, हातानं ओढायचं नाही. पडलीच तर आधी इंजिन बंद, उजवीकडं पडली असली तर सिंगल स्टँड काढून घ्या, मग पाठ सीटला लावून पायांच्या जोरावर मागं चालत उचला. पण आपल्याकडं तेवढं करूच देत नाहीत, चहाच्या गाड्यावरनं चार जण पळत येतात, थांबा ताई थांबा ताई करत, आणि त्यातला एक हमखास हँडल धरून ओढतो. मन चांगलं असतंय त्यांचं. पण त्यांना सांगा, मागनं धरा म्हणून.

सध्या माझं अडलंय ते डबल सीटवर. मागं बसणारीनं न सांगता टांग टाकली की सगळा झोल माझ्या एका चवड्यावर येतो, म्हणून आता मी आधी गाडी सपाटीला घेते, दोन्ही ब्रेक धरते आणि "बस" म्हटल्याशिवाय कुणी चढायचं नाही असा नियम केलाय. मैत्रिणी ऐकतात. आई अजून स्कूटीसारखी एका बाजूला बसायला बघते, साडीमुळं, तिला मात्र मी अजून घराबाहेर नेलेलं नाही.