बुजऱ्या पिल्लाला घेऊन मॅजिक किंगडम: ऑर्लँडोतला एक संथ दिवस

ऑर्लँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये चार मोठी थीम पार्क आहेत. मूल लहान आणि बुजरं असेल तर त्यांतलं फक्त मॅजिक किंगडम करावं. तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलाला तिकीट लागत नाही, म्हणून अमेरिकेतली बरीच मराठी मंडळी ‘आत्ताच उरकून टाकू’ म्हणत नेमकी अडीचाव्या वर्षी जातात. अनोळखी माणूस दिसला की आईच्या खांद्यात तोंड खुपसायचं हेच वय. तिकिटाचे पैसे वाचतात, पण मोठ्यांच्या तिकिटाची वसुली करायला निघालात तर दुपारी बारापर्यंत सगळे रडकुंडीला आलेले असतात.

हा दिवस फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातला, मंगळवार. सोबत अडीच वर्षांचं मूल, आई-बाबा आणि भारतातून आलेले आजी-आजोबा. आजी-आजोबा बहुधा उन्हाळ्यात येतात, आणि फ्लोरिडात जून ते सप्टेंबर म्हणजे उकाडा आणि दुपारचा गडगडाट. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड्स बंद होतात आणि सगळी गर्दी छपराखाली घुसते. म्हणून जमलं तर थंडीतच जा. फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी असते, तो आठवडा मात्र सोडा.

घरी करायची तयारी

बुजरं मूल तिथे तीन गोष्टींनी बिथरतं: अचानक आलेला आवाज, अचानक झालेला अंधार आणि अचानक समोर आलेला भलामोठा मिकी. तिन्हींतला ‘अचानक’ काढून टाकला की निम्मं काम होतं. दोन आठवडे आधीपासून यूट्यूबवर तिथल्या राइड्सचे पूर्ण व्हिडिओ दिवसाउजेडी, आवाज कमी करून दाखवा. घरात दिवे घालवून टॉर्चने ‘बोगदा-बोगदा’ खेळा. कानावर बसणारे लहान मुलांचे इअरमफ आधीच आणा आणि मिक्सर लावताना घालायची सवय करा. पार्कात पहिल्यांदा डोक्यावर चढवले तर मूल ते भिरकावून देतं.

सामानात एक चिकट नोट्सचं पॅड हवंच. तिथल्या स्वच्छतागृहांत फ्लश आपोआप होतो. लहान मूल सेन्सरला नीट कळत नाही, त्यामुळे मूल बसलेलं असतानाच खालून धबधबा सुटतो आणि मग ते दिवसभर तिकडे फिरकायला तयार नसतं. सेन्सरवर नोट चिकटवायची, काम झालं की काढायची. हात वाळवायची यंत्रंही कर्कश असतात, खिशात रुमाल ठेवा.

दारापर्यंत पोचणं

स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांना हे आधी माहीत नसतं: वाहनतळ पार्कच्या दाराशी नाही. गाडी लावायची, तिथून ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटरला जायचं, सुरक्षा तपासणी करायची आणि मग मोनोरेलने किंवा फेरीबोटीने तळ्यापलीकडे जायचं. यात पाऊण तास धरा. वाहनतळातल्या ट्रामवर स्ट्रोलर घडी करावा लागतो. मोनोरेल आणि बोटीत उघडा चालतो. सकाळी बोट घ्या, कारण उघडी हवा असते, मुलाला फिरता येतं आणि समोर किल्ला हळूहळू मोठा होताना दिसतो. डिस्नेच्या हॉटेलात उतरला असाल तर बस थेट दाराशी सोडते, शिवाय इतरांपेक्षा अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. अशा मुलाबरोबर तो अर्धा तास सगळ्यात मोलाचा.

स्ट्रोलर ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब यापेक्षा मोठा चालत नाही, आणि वॅगन प्रकारातली गाडी दारातूनच परत पाठवतात. पार्कात भाड्याने मिळणारे स्ट्रोलर टणक प्लॅस्टिकचे असतात. पाठ मागे टेकत नाही आणि ते पार्काबाहेर नेता येत नाहीत, म्हणजे डुलकीसाठी निरुपयोगी. आपलाच आणा, डोक्यावर मोठं छप्पर असलेला. त्यावर एक चादर टाकली की बुजऱ्या मुलाला स्वतःची खोली मिळते. राइडबाहेर ठेवलेले स्ट्रोलर कर्मचारी नीट लावण्यासाठी हलवत असतात, तेव्हा दांड्याला भडक रंगाची ओढणी बांधा. पाकीट-पासपोर्ट त्यात सोडू नका.

सकाळ: आधी बघायचं, मग बसायचं

दार उघडलं की बहुतेक लोक सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनकडे धावतात. तिला ३८ इंच उंची लागते, त्यामुळे अडीच वर्षांच्या मुलाचा तिथे सहसा संबंध नाही. किल्ल्यातून सरळ मागे गेलं की फँटसीलँड, लहान मुलांच्या राइड्सचा भाग. पहिली राइड उघड्यावरची आणि पूर्ण नजरेसमोर असलेली घ्या, म्हणजे प्रिन्स चार्मिंग रीगल कॅरोसेल. हा घोड्यांचा चक्रीपाळणा १९१७ साली बनलेला, पार्कापेक्षाही जुना. पार्क १९७१ चं. आधी एक फेरी कठड्याबाहेर उभं राहून बघा. वर-खाली होणारा घोडा नको असेल तर बसायला बाकासारखा रथ आहे, तो द्यायला सांगा.

मग डंबो. हत्ती किती उंच जाणार ते आतल्या दांडीने आपणच ठरवतो. दांडी हलवलीच नाही तर तो खालीच फिरतो, हे बऱ्याच पालकांना फेरी संपल्यावर कळतं. अलादीनचे गालिचेही तसेच. तिथे पुढच्या रांगेतली दांडी उंचीची आणि मागची कलण्याची, म्हणून आजोबांना मागे बसवून ‘हात लावू नका’ सांगा. बाजूचा उंट पाणी थुंकतो, काहींना मजा वाटते आणि काहींचा तिथेच निकाल लागतो. चहाच्या कपांत मधलं चाक फिरवलं नाही तर कप बराच शांत असतो.

अंधाराची पहिली चव ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’मध्ये द्यावी. होडी संथ, आत भरपूर उजेड, सीटबेल्ट नाहीत, मूल मांडीवर. दहा-एक मिनिटं तेच गाणं वाजत राहतं. मोठ्यांना ते दिवसभर छळतं, मुलांना नेमकं तेच आवडतं. इथे मूल रमलं तर पुढची पायरी ‘अंडर द सी’, म्हणजे लिटल मर्मेडची राइड. त्यात शिंपल्यासारखी गाडी न थांबता सरकत असते, चढायला पट्टाही सरकता. कडेवर मूल असेल तर कर्मचाऱ्याला वेग कमी करायला सांगा, संकोच करू नका. आत गाडी मागे कलून ‘पाण्याखाली’ जाते आणि थोड्या वेळाने जांभळी चेटकीण उर्सुला समोर येते. ती यायच्या आधीच ‘आता मोठी जांभळी बाई येणार, हसणार आणि जाणार’ असं कानात सांगितलं की बरीच मुलं टिकतात. विनी द पूमध्ये मध्येच वादळ आणि चमकते हत्ती आहेत. पीटर पॅनची रांग फार वाढते. आधीची दोन पचली असतील आणि लवकर प्रवेश असेल तरच. पैसे भरून घ्यायचा लाइटनिंग लेन पास या वयासाठी लागत नाही, सकाळी लवकर पोचणं पुरतं.

फिलहारमॅजिक मात्र टाळा. थ्री-डी चष्मा मूल घालत नाही, थिएटर काळोखं, आवाज मोठा, वर अंगावर पाण्याचे थेंब. टिकी रूममधले गाणारे पक्षी गोंडस वाटतात, पण शेवटाकडे खोलीत वीज कडाडते.

पीपलमूव्हरबद्दल सगळे म्हणतात, लहान मुलांसाठी उत्तम. खरंच आहे. उंचावरून संथ फिरते, वारा लागतो, आजींच्या गुडघ्यांना आराम. पण ती स्पेस माउंटन या रोलर कोस्टरच्या पोटातून जाते, आणि तिथे मिट्ट काळोखात वरून किंकाळ्या ऐकू येतात. तेवढ्यापुरते इअरमफ चढवा. गाडी मध्येच थांबली तर घाबरू नका, कुणाला तरी चढायला वेळ लागलेला असतो.

मोठ्यांनाही काही करायचं असतंच. माइन ट्रेनच्या दाराशी, रांगेत शिरण्यापूर्वी, ‘रायडर स्विच’ मागा. एक जण मुलाबरोबर बाहेर थांबतो, बाकीचे जाऊन येतात, आणि मग थांबलेल्याला लांब रांग न लावता आत सोडतात. रांगेत अर्ध्यावर गेल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही.

मिकीला भेटायचं की नाही

सगळ्यात जास्त रडारड इथे होते आणि ती बहुतेक मोठ्यांमुळे. टाउन स्क्वेअर थिएटरमध्ये रांग लावली की शेवटी दार उघडतं आणि छोट्या खोलीत मिकी समोरच उभा. पळायला जागा नाही, मागे लोक, पुढे फोटोग्राफर. बुजऱ्या मुलाची पहिली भेट इथे ठेवू नका. आधी उघड्यावर एखादं पात्र दिसलं की वीस-पंचवीस फुटांवर उभं राहून इतर मुलं काय करतात ते बघू द्या. लांबून ‘टाटा’ झाला तरी त्या दिवसापुरता कार्यक्रम यशस्वी.

जवळ जायचंच असेल तर आधी आई किंवा बाबांनी एकट्याने जाऊन हात मिळवायचा, मूल दुसऱ्याच्या कडेवर. पात्राबरोबर एक मदतनीस असतो. त्याला ‘मूल लाजाळू आहे’ एवढं आधी सांगा. मग पात्र खाली बसतं, चेहरा थोडा बाजूला वळवतं, आणि मुलाने पुढे यायची वाट बघतं. मुखवट्यातली पात्रं बोलत नाहीत. काही मुलांना त्यामुळेच ती जास्त भीतीदायक वाटतात, त्यांना राजकन्या बऱ्या, कारण त्या माणसासारख्या दिसतात आणि बोलतात. मूल मिकीच्या हातात देऊन मागे सरकणं, ‘अरे, एवढ्या लांब आलो आणि…’ असं म्हणणं, हे दोन्ही नको. आजीलाही आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

जेवण, झोप आणि हरवणं

बाहेरचं खाणं आत नेता येतं. काचेची भांडी आणि सुटा बर्फ चालत नाही. उकाड्यात दहीभात टिकत नाही. दशम्या, गुळाची पोळी, राजगिऱ्याची वडी, केळी, चुरमुरे असं कोरडं न्या. झटपट सेवेच्या खाद्यदालनांत थंड पाण्याचे पेले फुकट मिळतात, मागावे लागतात.

मेन स्ट्रीटच्या टोकाला, क्रिस्टल पॅलेसच्या शेजारी बेबी केअर सेंटर आहे. डायपर बदलायला ऐसपैस टेबलं, स्तनपानाची स्वतंत्र खोली, उंच खुर्च्या, मायक्रोवेव्ह आणि मुख्य म्हणजे शांतता. खिचडीचा डबा गरम करायची जागा हीच. मूल किरकिरण्याची वाट न बघता अकराच्या सुमारास एकदा इथे येऊन जा.

झोपेसाठी हॉटेलवर जाणं जवळ राहणाऱ्यांनाच परवडतं. बाहेरच्या हॉटेलचे जाऊन-येऊन दोन तास जातात. त्याऐवजी पार्काबाहेर पडून हॉटेलांच्या फेरीची मोनोरेल धरा. वातानुकूलित डबा, मंद हेलकावे, स्ट्रोलर उघडाच. त्याच तिकिटावर पुन्हा आत येता येतं. आतच थांबायचं असेल तर रपुन्झेलच्या मनोऱ्याजवळच्या स्वच्छतागृहांपाशी सावलीत बसायची जागा आहे, तिथे फोनही चार्ज होतात.

बुजरं मूल हरवलं तर नाव सांगत नाही, हाकेला ओही देत नाही. शर्टाच्या आत फोन नंबर लिहा, सकाळीच त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा. सापडलेली मुलं बेबी केअर सेंटरलाच आणतात. नावाची पट्टी लावलेल्या कुठल्याही कर्मचाऱ्याला लगेच सांगा, स्वतः शोधत वेळ घालवू नका.

दुपारनंतर

फेस्टिव्हल ऑफ फँटसी परेड बसून, सावलीच्या बाजूने बघा. पहिली रांग नको. शेवटाकडे लोखंडी ड्रॅगन येतो आणि तोंडातून खरीखुरी आग सोडतो. त्याआधी मूल कडेवर घेऊन चार पावलं मागे व्हा. वेळ त्या दिवशी डिस्नेच्या ॲपवर बघा, बंद राइड्सही तिथेच कळतात.

रात्रीची आतषबाजी किल्ल्यासमोर बघायचा आग्रह नको. दिवाळीत लवंगी फटाक्यालाही कान झाकणारं मूल असेल तर तो आवाज छातीत घुमतो, आणि गर्दीत स्ट्रोलर अडकून पडतो. संध्याकाळी सहाच्या आसपास बाहेर पडा आणि तळ्यापलीकडे पॉलिनेशियन हॉटेलच्या किनाऱ्यावरून बघा. आतषबाजी तीच, आवाज बराच कमी, आणि नको वाटलं तर लगेच निघता येतं. आतच थांबलात तर कार्यक्रम संपल्या संपल्या मोनोरेलकडे धावू नका. अर्धा तास मेन स्ट्रीटवर काढा, तोवर रांग ओसरते. आणि गाडी कुठल्या रांगेत लावली त्याचा फोटो सकाळीच काढून ठेवा, रात्री झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन वाहनतळ पालथा घालावा लागत नाही.