अमळनेरच्या अंगणातला धापा

बोरी नदीचे पाणी तापीत जाते आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते, एवढाच काय तो आम्हा अमळनेरकरांचा समुद्राशी संबंध. असे असूनही गेली तीन वर्षे माझ्या अंगणात कोकणातल्या खाडीकाठचा धापा, म्हणजे खाऱ्या जमिनीत पसरणारी गुबगुबीत पानांची वनस्पती, सुखाने वाढतो आहे. अलिबागकडच्या एका स्नेह्यांच्या परसातून मी त्याची वीतभर लांबीची चार कांडे ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. कांदळवनात शिरून ती तोडण्याचे मनातही आले नाही. ते कायद्याने संरक्षित आहे आणि ते तसेच राहावे.

माझ्या आत्याबाईंनी कुंडी पाहताच विचारले, “हाई खारी घोय शे का?” त्यांचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता, कारण लिनियसनेही १७५३ साली ही वनस्पती घोळीच्याच प्रजातीत घातली होती आणि १७५९ मध्ये तिला सेसुवियम या वेगळ्या प्रजातीत हलवले. घोळीचे फूल पिवळे असते. धाप्याचे फूल गुलाबी चांदणीसारखे दिसते, पण त्याला पाकळ्या नसतात. आतून गुलाबी आणि बाहेरून हिरवी असलेली ती पाच निदले असतात. पाने समोरासमोर येतात, आणि जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेरातून मुळे फुटत असल्यामुळे कलमे करण्याचे कौशल्य लागतच नाही.

तरीही पहिली दोन कांडे मी गमावली. शेतातली काळी माती तशीच कुंडीत भरली, पावसाळ्यात ती चिकट होऊन बसली आणि कोवळी कांडे मुळे धरण्याआधीच कुजली. उरलेली दोन मी दोन भाग नदीची वाळू, एक भाग काळी माती आणि मूठभर कुजलेले शेणखत अशा मिश्रणात लावली. पंधरवड्यात त्यांना नवी पालवी आली.

धापा इथे आणण्यामागे खरे कारण पाण्याचे होते. आमच्या बोअरचे पाणी खारवट आहे, म्हणून घरात आरओ यंत्र आले, आणि त्यातून वाया जाणारे आणखी खारट पाणी रोज दोन-तीन बादल्या साचू लागले. ते घातल्यावर गुलाबाच्या पानांच्या कडा करपल्या. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर त्या पाण्याचा आकडा २,२०० पीपीएमच्या (दर दहा लाख भागांतले क्षाराचे भाग) आसपास येतो. समुद्राच्या पाण्याचा साधारण ३५,००० असतो. म्हणजे आमच्या दृष्टीने टाकाऊ असलेले हे पाणी धाप्याच्या लेखी जवळजवळ गोडेच ठरते. मुळांनी ओढलेले सोडियम तो पेशींच्या आतल्या रिक्तिकेत, म्हणजे पाणी साठवणाऱ्या पिशवीत, कोंडून ठेवतो आणि त्याच्याच बळावर पाणी धरून ठेवतो. मीठ मिळाले नाही म्हणून तो मरत नाही, परंतु नळाच्या पाण्यावरच्या कुंडीत त्याची पाने लांबट व पातळ राहिली, तर आरओच्या पाण्यावरच्या कुंडीत ती बोटाने दाबून पाहावीशी वाटावीत इतकी गुबगुबीत झाली. महिन्यातून एकदा मी लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम खडेमीठ विरघळवून घालतो.

मात्र हा सारा प्रकार कुंडीतच करावा, याबाबत मी हट्टी आहे. कुंडीखाली ताटली ठेवून निथळलेले पाणी मी वाफ्यात जाऊ देत नाही, कारण काळ्या चिकणमातीत सोडियम साचले की मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण होते. हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. ‘धापा लावा आणि चोपण जमीन सुधारा’ असा उत्साह दाखवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी की, त्याने ओढलेले मीठ त्याच्याच पानांत राहते. झाड कापून शेताबाहेर नेले तरच ते मीठ बाहेर जाते, आणि तेवढे केले तरी जिप्सम व निचऱ्याची चारी यांना सुट्टी मिळत नाही. याच कारणाने छाटलेली कांडे मी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकत नाही.

वैशाखातल्या उन्हाचे भय मला होते, पण धाप्याने ते फारसे मनावर घेतले नाही. कुंडीच तापून मुळे भाजू नयेत म्हणून मी ती मातीच्या फुटक्या माठात बसवली, एवढेच. थंडी मात्र त्याला बाधते. पौषात वाढ थांबते आणि कांडे लालसर होतात, तेव्हा पाणी निम्म्यावर आणतो.

कोवळे शेंडे आम्ही दोनदा खाल्ले. उकळून ते पाणी फेकून द्यायचे, मग तुरीच्या डाळीत लसणाची फोडणी देऊन घोटायचे, आणि मीठ चाखल्याशिवाय घालायचे नाही. ही वनस्पती शिसे व कॅडमियमसारखे जड धातूही शोषून घेते, म्हणून शहराजवळच्या खाडीतला धापा मी कोणाला खाऊ देणार नाही. आत्याबाईंनी कळण्याच्या भाकरीबरोबर भाजी खाल्ली, दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि जाताना दोन कांडे मागून नेली.