डिस्नी वर्ल्डमधला जेवणाचा प्लॅन: शाकाहारी कुटुंबाने पैसे कसे वसूल करावेत

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डला जायचं ठरलं की तिकीट आणि हॉटेल यांच्यामागोमाग तिसरा प्रश्न येतोच: डायनिंग प्लॅन घ्यायचा का? म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरायचे आणि तिथे गेल्यावर मनगटावरचा मॅजिकबँड टेकवून जेवायचं. न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीतले निम्मे लोक म्हणाले, डोळे झाकून घ्या. उरलेले म्हणाले, आपल्यासारख्या शाकाहाऱ्यांना पुरता तोटा. आम्ही साताऱ्याहून आलेले सासू-सासरे, अकरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी यांना घेऊन जाऊन आलो. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. प्लॅन कोणासाठी घेताय आणि क्रेडिट, म्हणजे आधी पैसे भरलेल्या जेवणांची जणू कुपनं, कुठे खर्च करताय यावर सगळं ठरतं.

हा प्लॅन २००५ पासून आहे. करोनात बंद झाला होता, तो ९ जानेवारी २०२४ ला पुन्हा सुरू झाला. आता दोन प्रकार आहेत. क्विक सर्व्हिस प्लॅनमध्ये दर रात्रीमागे माणशी दोन काउंटरवरची जेवणं आणि एक स्नॅक मिळतो. मोठ्या, म्हणजे डिस्नी डायनिंग प्लॅनमध्ये एक काउंटरवरचं जेवण, एक टेबलावर बसून वाढलं जाणारं जेवण आणि एक स्नॅक. दोन्हींत प्रत्येकाला एक मग मिळतो, तो हॉटेलात मुक्कामभर हवा तितक्या वेळा भरून घ्यायचा. २०२४ चा दर क्विक सर्व्हिसला मोठ्यांसाठी ५७.०१ डॉलर आणि लहानांसाठी २३.८३ होता, मोठ्या प्लॅनला ९४.२८ आणि २९.६९. त्यानंतर दर वाढलेच आहेत, तेव्हा आकडे ताजे बघून घ्या, पण हिशेबाची रीत तीच राहते. लहान म्हणजे ३ ते ९ वर्षं. दहा पूर्ण झाली की पूर्ण मोठ्याचा दर. तीन वर्षांखालच्या बाळाला प्लॅन लागत नाही, ते आपल्या ताटातलं खातं.

आता हिशेब, २०२४ च्याच दराने. टेबलावरच्या जेवणात एक मुख्य पदार्थ, एक गोड आणि एक पेय येतं. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्यांना या पेयात बिअर, वाइन किंवा कॉकटेलही चालतं. समोरच्या टेबलावरचा माणूस स्टेक आणि कॉकटेल घेतो तेव्हा त्याचं एक क्रेडिट जातं. आपण पास्ता आणि लिंबूपाणी घेतो तेव्हा आपलंही एकच जातं. शाकाहारी पदार्थ वीस-पंचवीस डॉलरचा, गोड दहाचं, पेय पाचचं, त्यावर ६.५ टक्के कर. सगळं मिळून चाळिशीच्या आसपास. काउंटरवरचं जेवण पेयासकट साधारण वीस, स्नॅक सात. म्हणजे दिवसाला सत्तरच्या आत खाऊन आपण चौऱ्याण्णव भरलेले असतात. तोट्याचं म्हणणारे इथेच थांबतात, आणि मेन्यूवरून एकेक पदार्थ मागवून जेवणार असाल तर त्यांचं अगदी बरोबर आहे.

पण याच एका क्रेडिटवर बुफेही मिळतो. थाळीच्या हॉटेलात जसं तुम्ही काय खाता यावर बिल ठरत नाही, तसंच तिथेही. मिकी-मिनी टेबलापाशी येऊन भेटतात ती कॅरेक्टर बुफेची ठिकाणं रात्रीच्या जेवणाला माणशी साठ-सत्तर डॉलर घेतात. शाकाहारी असा नाहीतर मांसाहारी, दर तोच. तिथे क्रेडिट टाकलं की आपलं चाळीसचं जेवण एकदम पासष्टचं होतं आणि मोठ्यांचा प्लॅन बरोबरीत येतो. मुलांचं तर बोलायलाच नको. २९.६९ मध्ये लहान मुलाचा चाळीस डॉलरच्या आसपासचा बुफे येतो, वर काउंटरचं जेवण आणि स्नॅक. मुलीचा प्लॅन आमचा जवळजवळ दुपटीने वसूल झाला. क्विक सर्व्हिस प्लॅनच्या वाटेला मात्र आपण जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात किंमत वसूल करायला जागाच नाही.

मग सासू-सासऱ्यांचं काय? दोघांचा आहार बेताचा, त्यांच्यासाठी रोजचे चौऱ्याण्णव डॉलर भरणं म्हणजे पाण्यात घालणं. नियम असा की एका बुकिंगवरच्या तीन वर्षांवरील सगळ्यांना एकच प्लॅन घ्यावा लागतो, आजीला वगळून नातीला देता येत नाही. पण दोन खोल्यांची दोन वेगळी बुकिंग असतील तर एकावर प्लॅन घ्यायचा आणि दुसऱ्यावर नाही, याला काहीच आडकाठी नाही. आम्ही उतरलो त्या डिस्नीच्या पॉप सेंच्युरी हॉटेलच्या खोलीत चौघंच राहू शकतात, त्यामुळे दोन खोल्या लागणारच होत्या. आम्ही चौघांच्या खोलीवर मोठा प्लॅन घेतला आणि आई-बाबांची खोली प्लॅनशिवाय ठेवली. काउंटरवरचं एक अमेरिकन ताट त्या दोघांना पुरून उरायचं. अॅनिमल किंगडम पार्कमधल्या साटुली कँटीनमध्ये तर तोफूचा एक मोठा वाडगा दोघांनी वाटून खाल्ला, त्यात खाली भात निवडता येतो म्हणून बाबा खूश. प्लॅन हॉटेलच्या बुकिंगबरोबर, निघायच्या आधीच घ्यायचा असतो. त्यामुळे कोणाला कोणत्या खोलीत घालायचं याचा विचार बुकिंग करतानाच करा.

टेबलाचं आरक्षण हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. प्लॅन घेतला म्हणजे जागा मिळाली असं होत नाही. साठ दिवस आधी आरक्षण खुलं होतं. डिस्नीच्याच हॉटेलात राहणाऱ्यांना पहिल्या दिवसाच्या साठ दिवस आधी एकदम पुढच्या दहा दिवसांपर्यंतची सगळी आरक्षणं करता येतात. ऑनलाइन खिडकी फ्लोरिडाच्या सकाळी सहाला उघडते. भारतातून करणार असाल तर उन्हाळ्यात ते दुपारी साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. शेफ मिकीज, टस्कर हाउस, बोमा ही बुफेंची नावं आधीच लिहून ठेवा आणि त्या मिनिटाला बसा. तिन्ही ठिकाणी एकच क्रेडिट लागतं. सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवण आणि कॅलिफोर्निया ग्रिलसारखी भारी रेस्टॉरंटं दोन क्रेडिट घेतात. मुलीला राजकन्यांना भेटायचंच असेल तर किल्ल्यात जरूर जा, पण पैसे वाचावेत म्हणून जायची ती जागा नव्हे. बुफेतही रात्रीचं जेवण घ्या, सकाळचा नाश्ता नको. नाश्त्याचा दर दहा-पंधरा डॉलरने कमी असतो, क्रेडिट मात्र तेवढंच जातं. बेत बदलला तर बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत आरक्षण रद्द करता येतं, नाहीतर माणशी दहा डॉलर कापतात.

बोमाबद्दल सविस्तर सांगते, कारण आपल्या लोकांसाठी माझ्या मते पहिली पसंती तीच असावी. अॅनिमल किंगडम लॉज नावाच्या हॉटेलात हा आफ्रिकन चवीचा बुफे आहे. इथे मिकी भेटायला येत नाही, पण हॉटेलच्या मागे गवताळ रान राखलंय आणि तिथे जिराफ, झेब्रे मोकळे चरत असतात. उजेड असताना पोहोचा, आधी प्राणी बघा, मग जेवा. पॉप सेंच्युरीहून तिथे थेट बस नाही. त्यामुळे अॅनिमल किंगडम पार्कचा दिवस त्याच दिवशी ठेवला की पार्कच्या दारातून लॉजची बस मिळते.

आई अंडंसुद्धा खात नाहीत. अमेरिकेत नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर अंडं गृहीत धरतात, म्हणून आरक्षण करतानाच अॅलर्जीच्या रकान्यात अंडं नोंदवलं होतं. आम्ही बसल्यावर शेफ स्वतः टेबलाशी आल्या आणि आईंना म्हणाल्या, माझ्याबरोबर चला. बुफेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोघी चालल्या. आई प्रत्येक भांड्यापाशी थांबून बोट दाखवत, शेफ मानेनेच हो किंवा नाही सांगत, मी मागून दुभाषी. भोपळ्याचं सूप चालेल, हमस चालेल, डाळ-कडधान्यांचे प्रकार चालतील, बटाटा-रताळ्याचा मऊ लगदा असतो तो चालेल. झेब्रा डोम या प्रसिद्ध चॉकलेटी मिठाईपाशी आल्यावर शेफनी आपणहून सांगितलं की त्यात अमरूला नावाचं लिकर आहे. आई ताट भरून परत आल्या आणि म्हणाल्या, "अगं, एवढ्या मोठ्या हॉटेलात कोणी विचारून वाढलं नव्हतं मला." ही सोय बोमापुरती नाही. डिस्नीच्या बहुतेक रेस्टॉरंटांत आधी सांगितलं तर शेफ येऊन बोलतात. कांदा-लसूण नको असेल तरी संकोच न करता सांगा. मेन्यूवर पानाची खूण असते ते पदार्थ पूर्ण वनस्पतिजन्य, दूधही नसलेले.

बाबांसाठी आम्ही एपकॉट पार्कमधलं गार्डन ग्रिल घेतलं होतं. हे रेस्टॉरंट जेवता जेवता हळूहळू गोल फिरतं आणि चिप आणि डेल या खारी भेटायला येतात. त्याच इमारतीत लिव्हिंग विथ द लँड नावाची बोटीची सफर आहे, ती खऱ्या हरितगृहांतून जाते. मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या, मांडवावर चढवलेले टोमॅटो. आणि तिथली काही भाजी एपकॉटच्या स्वयंपाकघरांत जाते. आयुष्यभर शेती केलेल्या माणसाला हे दाखवून मग जेवायला बसवलं, तर बाबा जेवताना फक्त ठिबकबद्दलच बोलत होते. इथे बुफे नाही, ताटं टेबलावर आणून ठेवतात. आधी सांगितल्यामुळे शाकाहारी ताट वेगळं आलं.

टिप प्लॅनमध्ये धरलेली नाही. पैसे भरून आलोय या समजुतीत असलेल्या माणसाला हा खर्च अंगावर येतो. बुफेलासुद्धा अठरा-वीस टक्के द्यायची रीत आहे. सहा किंवा जास्त माणसं असली तर १८ टक्के आपोआप लागतात, आणि आम्ही सहाच होतो. साठ-सत्तर डॉलरच्या जेवणावर माणशी अकरा-बारा डॉलर वेगळे धरून ठेवा.

पेयाच्या बाबतीत एक सांगते: कोकवर समाधान मानू नका. जिथे मिल्कशेक किंवा खास सरबतं मेन्यूवर आहेत तिथे तीही त्याच क्रेडिटमध्ये येतात. हॉलिवूड स्टुडिओज पार्कमधल्या फिफ्टीज प्राइम टाइम कॅफेत मुलाने पीनट बटर आणि जेलीचा शेक घेतला. मोठ्याचा दर भरून दारू न पिणाऱ्या अकरा वर्षांच्या पोराचे पैसे निदान थोडे तरी असे वसूल होतात. पाणी मात्र कधीच क्रेडिटवर घेऊ नका. सोडा मिळतो त्या काउंटरवर बर्फाचं पाणी पेल्यातून फुकट देतात.

स्नॅकची खरी चैन एपकॉटमध्ये. वर्षातले बहुतेक महिने तिथे कुठला ना कुठला खाद्यमहोत्सव चालू असतो आणि तलावाभोवती अकरा देशांच्या मांडणीत छोटे स्टॉल लागतात. तिथले आठ-नऊ डॉलरचे पदार्थ स्नॅक क्रेडिटवर मिळतात. बाकीच्या पार्कात आम्ही स्नॅक राखून ठेवले आणि एपकॉटच्या दिवशी सगळे एकदम वापरले. हे जमतं, कारण क्रेडिट दिवसागणिक वाटलेली नसतात. सगळ्या मुक्कामाची एकत्र थैली पहिल्याच दिवशी हातात येते. किती उरलीत ते पावतीच्या खाली आणि अॅपमध्ये दिसतं, रोज रात्री एकदा बघत जा.

क्रेडिट रात्रींच्या हिशेबाने मिळतात, दिवसांच्या नव्हे. पाच रात्री राहिलात तर जेवायचे दिवस सहा आणि क्रेडिट पाचांचीच. शिवाय नाश्त्यासाठी वेगळं क्रेडिट मुळी नसतंच. आम्ही नाश्ता खोलीवर केला. घरून नेलेलं झटपट उपम्याचं मिश्रण, थेपले, चिवडा, आणि फूड कोर्टातून मगात भरून आणलेलं गरम पाणी किंवा चहा. मगात चिप असते, तो डिस्नीच्या कुठल्याही हॉटेलात चालतो, पार्कमध्ये नाही, तेव्हा तो पाठीवर वाहून नेऊ नका. पार्कमध्ये बाहेरचं खाणं न्यायला परवानगी आहे, फक्त काचेची बाटली आणि सुटा बर्फ चालत नाही. दुपारच्या उन्हात रांगेत उभं असताना आईंच्या डब्यातला चिवडा कुठल्याही स्नॅकपेक्षा जास्त कामाला आला.

चेक-आउटच्या दिवशी मध्यरात्री उरलेली क्रेडिट बाद होतात, पैसे परत मिळत नाहीत. सकाळी सामान रिसेप्शनला ठेवलंत तरी त्या दिवशी पार्कात जाऊन जेवता येतं. आमची थोडी स्नॅक उरली होती. ती हॉटेलच्या दुकानात बंद पाकिटातल्या मिठाईवर घालवली आणि विमानात मुलांना दिली. स्नॅक क्रेडिटची खूण असलेल्याच वस्तू घ्या, दुकानातलं सगळं त्यात बसत नाही.