आमची वाटचाल : दुरुस्तीचे बटण आणि धरणगावचा काटा

जळगावच्या आमच्या छोट्या कार्यालयातून जिनिंग कारखान्यांना, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्यांना, काटापावतीपासून गाठींच्या हिशेबापर्यंतचे सॉफ्टवेअर आम्ही देतो. ते पहिल्यापासून ग्राहकाच्याच सर्व्हरवर चालते, कारण ऐन हंगामात इंटरनेट गेले म्हणून कापसाच्या गाड्या काट्यावर ताटकळत ठेवता येत नाहीत.

आमचा धंदा बुडायची वेळ एका दुपारी आली. बाहेरगावच्या एका स्पर्धक कंपनीचा माणूस आमच्या ग्राहकाकडे गेला, काटेवाल्याच्या लॉगिनने आत शिरला आणि ब्राउझरच्या पत्त्यात दुरुस्तीचे पान व पावतीचा क्रमांक हाताने टाइप करून मंजूर पावतीचे निव्वळ वजन त्याने शेठजींच्या देखत बदलून दाखवले. काटेवाल्याला दुरुस्तीचे बटण दिसू नये, एवढीच काळजी आम्ही घेतली होती. मागणी सर्व्हरवर पोहोचल्यावर ती करणाऱ्याला तो अधिकार आहे का, याची तपासणीच नव्हती. चूक आमची होती आणि ती मी तेव्हाच कबूल केली. पण आम्हाला एका शब्दाने न कळवता त्याने ती तालुकाभर सांगितली आणि सातपैकी पाच ग्राहक हंगामाच्या मध्यावर तुटले, हा सल आजही मनात आहे.

टिकून राहिलेल्या दोघांत होते धरणगावचे आप्पा. “हंगाम संपेपर्यंत वेळ घ्या, पण काटा बंद पडता कामा नये,” एवढेच ते म्हणाले. रात्री गाड्या थांबल्या की त्यांच्या काट्याच्या खोलीत, पंख्यात रुईचे तंतू अडकून तापणाऱ्या सर्व्हरशेजारी आम्ही कामाला बसायचो.

सर्व तपासण्या सर्व्हरवर एका ठिकाणी आणल्या आणि स्पष्ट परवानगी नसेल तर नकार, हा नियम केला. एका केंद्राच्या माणसाला दुसऱ्या केंद्राच्या पावत्या दिसू नयेत म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेसच्या 9.5 आवृत्तीत 2016 साली आलेली ओळनिहाय सुरक्षा, म्हणजे टेबलातली कोणती ओळ कोणाला दिसावी हे ठरवणारे नियम, पुढे वापरली, तर पहिल्या चाचणीत सगळ्यांना सगळे दिसले. आमचे अ‍ॅप्लिकेशन टेबलाच्या मालक-खात्यानेच जोडलेले होते आणि मालकाला ते नियम एरवी लागू होत नाहीत. मग वेगळे खाते काढले. त्याला पावती घालता व वाचता येते, बदलता किंवा पुसता येत नाही. दुरुस्ती करायची तर नवी नोंद करावी लागते.

सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या 2021 च्या प्रमुख धोक्यांच्या यादीत अधिकार-तपासणीतील त्रुटी पहिल्या क्रमांकावर आल्या, तोवर आमचे हे काम पुरे झालेले होते, याचा मला अभिमान आहे. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, सर्वांत कमी अधिकाराच्या लॉगिनने मालकाच्या प्रत्येक पानाचा पत्ता स्वतः टाइप करून पाहा, आणि हंगामी कारकुनांना एकच सामाईक पासवर्ड कधीही देऊ नका.

सर्व्हर ग्राहकाच्या आवारात असल्याने सुपरयूझरचा, म्हणजे डेटाबेसमधल्या सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड हाती असलेल्याला यांतला कोणताही नियम अडवत नाही. त्यासाठी प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला आणि मजकूर बदलला की बदलणारा आकडा, गुंफतो आणि दिवसाचा शेवटचा हॅश संध्याकाळच्या आवक-पत्रकाच्या तळाशी छापतो. मागची एखादी पावती कुणी परस्पर बदलली, तर कागदावरचा आकडा जुळत नाही. आप्पा ती पत्रके रोज सही करून स्वतःच्या कपाटात ठेवतात आणि किल्ली मुनीमजींनाही देत नाहीत.