गुणी पोट्टी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मुलांच्या भावनिक आणि वर्तनाच्या अडचणी तपासायला आमचं पथक गेलं, तेव्हा सरांनी चार नावं आधीच काढून ठेवली होती. चारही पोट्टे. एक मारामाऱ्या करतो, एक जागेवर बसत नाही, एक शिव्या देतो, एक ऐकतच नाही. (या शेवटच्याला एका कानानं खरोखरच कमी ऐकू येत होतं. त्याची रवानगी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांकडे झाली.)

मी सरांना दुसरी यादी मागितली. वर्गात ज्यांचा आवाज आठवत नाही, अशी मुलं. सर हजेरीपट उघडून बराच वेळ बसले. मग तीन नावं लिहिली. शेवटचं नाव तिसरीतल्या एका मुलीचं. तिची ओळख पटेल असे तपशील मी इथं बदलले आहेत. "हिचं उगाच लिहिलं मॅडम," सर म्हणाले, "लय गुणी पोट्टी आहे."

आम्ही एसडीक्यू (स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर, मुलांचा चांगुलपणा आणि अडचणी पाहणारी) ही प्रश्नावली वापरतो. रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी ती १९९७ साली मांडली. २५ वाक्यं, प्रत्येकापुढे तीन पर्याय: खरं नाही, थोडंफार खरं, नक्की खरं. पाच वाक्यं मुलाच्या चांगुलपणाची, उरलेल्या २० मधून अडचणींचे ० ते ४० गुण निघतात. शिक्षकांच्या प्रतीत ११ पर्यंत काळजीचं मानत नाहीत. सरांच्या प्रतीत तिचे ६ आले, चांगुलपणात १० पैकी १०.

पण एकट्या शिक्षकांच्या प्रतीवर मी कधीच थांबत नाही. वर्गात ४० मुलं सांभाळणाऱ्या माणसाला गोंधळ घालणारं मूल दिसणार, आतल्या आत घाबरलेलं मूल दिसणं अवघड. कापूस वेचणीचे दिवस होते, दिवसा घराला कुलूप. म्हणून घरच्यांची प्रत भरून घ्यायला दिवे लागल्यावर गेलो. आई चुलीपाशी होती, बाप दारात बसलेला. उत्तरं मुख्यतः आजीनं दिली, कारण मुलगी तिच्याजवळ झोपते.

डोकं, पोट दुखतं असं वारंवार म्हणते का?

"हाव ना बाई. दवाखान्यात दाखवलं, काई निघालं नाई."

सारखी काळजीत असते?

आजीनं आधी बापाकडे पाहिलं. "रातच्यानं उठते. बापाच्या अंगाले हात लावून पायते. मंग येऊन झोपते."

भावनिक लक्षणांच्या पाच वाक्यांत तिचे १० पैकी ८ गुण झाले.

आदल्या वर्षी तिच्या काकानं जीव दिला होता. लेकरांना सांगितलं, छातीत कळ आली. गावात अशी गोष्ट झाकून राहते थोडीच! तिला सगळं ठाऊक होतं, विचारायचं कोणाला ते कळत नव्हतं. शाळेतून दर तासाला ती पाण्याला जायची, हे सर आधी बोलले होते. तिच्याशी निवांत बोलल्यावर कळलं, माठापाशी उभं राहिलं की शेताकडची पांदण दिसते, आणि पांदणीनं बाप येताना-जाताना.

आजी सांगत होती तोवर बाप खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, "मले वाटे, तिले थंडी वाजते म्हणून जवळ येते."

शेजारची एक बाई डोकावून विचारून गेली, पोट्टीचं डोकं फिरलं काय? मला याचा फार राग येतो. आठ हा आकडा म्हणजे आजार नव्हे. कोणत्या मुलाजवळ आधी बसायचं, एवढंच तो सांगतो. तपासणी करून नुसते कागद नेणार असू, तर ती करूच नये.

ग्रामीण रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ येतात त्या दिवशी बाप स्वतः तिला घेऊन आला, मजुरी बुडवून. काकाबद्दल खरं सांगायचं ठरलं आणि ते बापानंच सांगितलं, तिला झेपेल अशा शब्दांत. मी त्याच्याशीही वेगळी बोलले, कारण भाऊ त्याचा गेला होता आणि त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये टाकून दिला. सरांनी तिची जागा खिडकीपाशी केली. खिचडीच्या सुट्टीत बाप शाळेच्या फाटकाशी येऊन जातो.

पोटदुखी कमी आहे. रात्रीचं उठणं अजून पूर्ण थांबलेलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी प्रश्नावली पुन्हा भरायची आहे, आणि या खेपेला बाप म्हणतो, माय नको, मीच भरतो.